नवगावचा किनारा, झरपटचा काठ

चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, माणसाला समुद्र फार उशिरा भेटतो. पाण्याची आम्हाला वाण नाही. वर्धा आहे, इरई आहे, वैनगंगा आहे. चपराळ्याजवळ वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते. पण हे सगळं पाणी पूर्वेकडे धावतं. अरबी समुद्र आमच्यापासून अख्ख्या महाराष्ट्राच्या रुंदीएवढा लांब. माझ्या आजीनं तो उभ्या जन्मात पाहिला नाही. तरी तिला नवगावची वाळू ठाऊक होती, खांदेरी-उंदेरीचे खडक ठाऊक होते, भरतीची आणि ओहोटीची वेळ रोज का सरकते तेही ठाऊक होतं. हे सगळं आमच्या घरी आलं बल्लारशाहच्या रेल्वे क्वार्टरांतून, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबाकडून.

बल्लारशाह तेव्हा जंगलाच्या तोंडावरचं जंक्शन होतं. १९२९ साली काझीपेठपर्यंतचा लोहमार्ग पुरा झाला आणि दिल्लीची गाडी थेट मद्रासला जाऊ लागली; ती ग्रँड ट्रंक एक्सप्रेस आमच्या अंगणासमोरून धडधडत जायची. एकीकडे आलापल्लीकडून आलेल्या सागवानाच्या ओंडक्यांचा डेपो, दुसरीकडे कागद कारखान्याची चिमणी आणि मध्ये क्वार्टरांच्या लाइनी. लाइनीत तेलुगू ड्रायव्हर, छत्तीसगढी खलाशी, गोव्याकडचे ख्रिस्ती गार्ड, आमच्यासारखे झाडीपट्टीतले कारकून. बेने इस्राएल मंडळी कोकणातल्या खेड्यांतून शिकून बाहेर पडली ती फौजेत, टपालखात्यात, दवाखान्यांत आणि रेल्वेत. त्यामुळे त्यांचं एखादं घर अशा जंक्शनवर असणं नवलाचं नव्हतं. आमचे शेजारी गार्ड होते. आम्ही पोरं त्यांना गार्डकाका म्हणायचो आणि त्यांच्या आईला अख्खी लाइन अलिबागच्या आजी म्हणायची.

अलिबागच्या आजी नऊवारी नेसत. वालाचं बिरडं करत, पुरणपोळ्या लाटत, आणि लाइनीत कुणाचं बाळंतपण असलं की सगळ्यांत आधी त्या पोचत. वेगळं असं काय होतं? दाराच्या चौकटीला उजव्या हाताला तिरकी बसवलेली एक छोटी नळी होती. आत-बाहेर करताना घरचे तिला बोटं लावून ओठांना टेकवत. आम्हीही लावायचो, आणि कुणी अडवलं नाही. शनिवारी चूल पेटत नसे. शनिवारची ड्यूटी येऊ नये म्हणून गार्डकाका रविवारच्या पाळ्या आपल्या अंगावर घेत. ख्रिस्ती गार्डाला रविवार चर्चसाठी मोकळा मिळे, यांना शनिवार. शुक्रवारी सकाळपासून एका पातेल्यात काळ्या मनुका भिजत असत. दुपारी आजी त्या हातानं चुरत, फडक्यातून पिळत. गडद तपकिरी, गोड पाणी निघे. दिवेलागणीला पांढरं कापड डोक्यावर घेऊन काका त्या सरबताच्या पेल्यावर हिब्रूत काही म्हणत. कोकणात द्राक्षाची दारू कुठून मिळणार? शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी ही सोय काढली आणि ती वर्धेच्या काठापर्यंत आली. प्रार्थना झाली की आम्हालाही घोटभर मिळे.

पण मला सगळ्यांत स्पष्ट आठवते ती मासळी. वर्धेतली मासळी टोपलीत घेऊन ढिवरीण दारावर येई. मरळ, रोहू, शिंगाळा, कधी वाम. अलिबागच्या आजी उकिडव्या बसून एकेक मासा हातात घेत आणि शेपटीकडून डोक्याकडे अंगठ्याचं नख ओढत. खवला नखाखाली उचलला गेला की मासा ताटात. शिंगाळ्यावर नख नुसतं घसरे. तो परत टोपलीत. वामेला तर त्या हातही लावत नसत. काही दिवसांनी ढिवरीणच सांगू लागली, "हे तुमची खवल्याची, बाजूले ठेवली." माझ्या आजीला शिंगाळाच आवडे. तिनं एकदा विचारलंच, "ह्या बिचाऱ्यानं तुमचं काय केलं वो बाई?"

त्यावर अलिबागच्या आजींनी ओसरीवर बसून जी गोष्ट सांगितली, ती पुढे मी पुस्तकांतही वाचली. फार वर्षांपूर्वी डेव्हिड राहाबी नावाचा एक परका ज्यू माणूस कोकणात आला. गावोगावचे तेली शनिवारी घाणा बंद ठेवतात, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणतात, हे त्यानं ऐकलं. (सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, ते शंकराचे भक्त.) हे शनिवारवाले आपल्यापैकी तर नसतील, अशी त्याला शंका आली. त्यानं मासळीची मिसळलेली टोपली त्यांच्या बायकांपुढे ठेवली आणि म्हणाला, रांधा. बायकांनी खवल्याची मासळी तेवढी वेचली, बाकीची परत केली. का, ते त्यांना सांगता येईना. आई करत होती, आजी करत होती, एवढंच. तोरेची पोथी नव्हती, हिब्रू लिपी विसरली होती, प्रार्थनेतली ‘शेमा’ तेवढी तोंडात उरली होती. राहाबीनं ओळखलं. त्यानं झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना शिकवलं आणि काजी केलं.

हा राहाबी कधी आला, यावर अभ्यासक भांडतात. परंपरा त्याला फार मागे, काही जण तर हजारभर वर्षं मागे नेतात. इतिहासकारांना तो अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्यातला वाटतो. मला या भांडणापेक्षा टोपली महत्त्वाची वाटते. पुरुषांजवळची पोथी बुडाली, भाषा गेली. धर्म टिकला तो मासळी निवडणाऱ्या बायकांच्या नखांत. इतिहासकार तारखेच्या मागे लागतात ते बरोबरच आहे, पण ओसरीवर बसून ऐकणाऱ्या दोन बायकांना हे न सांगता कळलं होतं. माझी आजी म्हणाली, "आमच्या घरीबी कायले करतो तं मालूम नाही, पण करतो." आणि त्या दिवसापासून तिनं त्यांच्या चुलीवर कधी शिंगाळा चढू दिला नाही.

जहाजाची गोष्ट अलिबागच्या आजी पावसाळ्यात सांगत. बाहेर वर्धेला पूर, खिडकीबाहेर पाण्याचा आवाज, आणि आजींचा सूर खाली येई. "चौलाला निघालेलं गलबत. वारा फिरला. खांदेरी-उंदेरीच्या खडकाला लागलं नि फुटलं. सात बाप्ये नि सात बाया तेवढ्या नवगावच्या वाळूत पोचल्या. पोथ्या, सामान, लेकरं, सगळं खाली. दुसऱ्या दिवशी मढी किनाऱ्याला लागली. गावानं पुरली. पुरुष एका ढिगात, बाया दुसऱ्या ढिगात." माझी आजी विचारे, "समुद्र किती मोठा राहते वो? आपल्या वर्धेवानी, पुरातल्या?" "वर्धेला पल्याडचा काठ दिसतो गो. ह्याला पल्याडच नाय."

पुढे हाईम सॅम्युएल केहिमकरांचा बेने इस्राएलांचा इतिहास हाती आला. मुंबईत मुलांसाठी शाळा काढणाऱ्या या माणसानं तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिला आणि छापला गेला तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली, तेल अवीवमध्ये. त्यात आजींची गोष्ट जवळजवळ शब्दशः सापडली. केहिमकर जहाज फुटल्याचा काळ इसवी सनापूर्वी १७५च्या सुमाराचा धरतात. त्यामागचा एक मुद्दा मला फार आवडतो. बेने इस्राएलांना हनुक्का हा सण ठाऊकच नव्हता. तो सण जेरुसलेमचं मंदिर परत शुद्ध केल्याच्या घटनेचा, म्हणजे इसवी सनापूर्वी १६४चा. तेव्हा हे लोक त्याआधीच निघालेले असणार. जे आठवत नाही त्यावरून काळ काढायचा! पुरावा म्हणून तो पुरेसा नाही. विसरायला हजार कारणं असतात. दुसरे अभ्यासक त्यांना इराणातून किंवा येमेनमधून, बऱ्याच पुढच्या शतकांत आलेले मानतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस मायमोनिडीस या ज्यू पंडितानं एका पत्रात लिहिलं की हिंदुस्थानातल्या ज्यूंना शब्बाथ आणि सुंता याखेरीज धर्मातलं काही ठाऊक नाही. ते पत्र याच लोकांबद्दल असावं, असं पुष्कळांना वाटतं. आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात त्यांच्या रक्तात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा अंश आणि इथल्या लोकांचा अंश, दोन्ही ठळक सापडले. ज्यू अंश अधिक करून पुरुषांकडून, इथला अधिक करून बायकांकडून आलेला. म्हणजे नवगावच्या सात बाया गोष्टीत आल्या त्या कदाचित कोकणातल्याच कुणाच्या लेकी. मला ही शक्यता गोष्टीहूनही सुंदर वाटते.

एक जागा मात्र आजी टाळून जात. बेने इस्राएलांतही गोरे आणि काळे असा भेद होता. बाहेरच्या बायकांपासून झालेल्या संततीला ‘काळे’ म्हणत, त्यांच्याशी बेटीव्यवहार नसे, आणि कधी पंगतही वेगळी असे. केहिमकरांच्या काळापर्यंत तो चालू होता. आजींच्या तोंडून हे मी कधी ऐकलं नाही. सांगितलेल्या गोष्टीइतकीच न सांगितलेली गोष्टही घराण्यात उतरते, आणि ज्यांना पंगतीबाहेर बसवलं त्यांच्या आज्यांनी काय सांगितलं असेल, ते कुणी लिहून ठेवायला हवं होतं.

आंग्र्यांबद्दल मात्र त्या भरभरून बोलत. आंग्र्यांच्या आरमारात बेने इस्राएल होते. चुरीकर घराण्यातल्या आरोनला नाईकी आणि इनाम मिळालं होतं. आणि टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत पहिलं प्रार्थनालय बांधलं. मशीद बंदर म्हणतात ते आमच्या मशिदीवरून, असं त्या सांगत.

माझी आजी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. जहाजाच्या गोष्टीला तिनं आमच्या चांद्याची गोष्ट दिली. गोंडराजा खांडक्या बल्लाळशहा याच बल्लारशाहच्या, म्हणजे बल्लारपूरच्या, किल्ल्यात राहायचा. त्याच्या अंगभर गाठी उठलेल्या. एकदा शिकारीला गेला असता तहानेनं झरपट नदीच्या कोरड्या पात्रात उतरला. एका खळग्यात थोडं पाणी होतं. हात-तोंड धुतलं, प्यायला, घरी आला आणि कित्येक वर्षांनी गाढ झोपला. सकाळी राणीनं पाहिलं तर पाणी लागलेल्या जागच्या गाठी नाहीशा. दोघं परत गेली, वाळू आणि गवत बाजूला केलं, तर खाली खडकात गाईच्या पाच खुरांचे ठसे, आणि प्रत्येकात न आटणारं पाणी. तिथंच अचलेश्वराचं देऊळ. पुढे त्याच परिसरात राजाला ससा दिसला, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, आणि तो कुत्र्याच्या मागे लागलेला. राणी म्हणाली, ही जागा साधी नव्हे, सशाच्या वाटेवरून कोट बांध. तो आमचा चांद्याचा परकोट.

१८६९ साली मेजर ल्युसी स्मिथनं चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा रिपोर्ट लिहिला. सारा किती, पड किती याच्या जोडीनं त्यानं ही गोष्टही टिपून ठेवली. कुणा म्हाताऱ्यानं त्याच्या कचेरीत बसून ती सांगितली असेल. गोंडराजांच्या सुरुवातीच्या काळाची कागदपत्रं फारशी नाहीत; जे आहे ते पुष्कळसं अशा सांगण्यातून आलेलं. त्यामुळे चांद्याच्या माणसानं बेने इस्राएलांच्या गोष्टीला नुसती दंतकथा म्हणून नाक मुरडू नये. आमचाही कोट सशाच्या वाटेवरच उभा आहे.

खुरांचे ठसे ऐकून अलिबागच्या आजींनी गुडघ्यावर हात आपटला. "अगो बाय, आमच्याकडे घोड्याचे!" अलिबागजवळच्या खंडाळा गावात एक खडक आहे. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, अग्निरथातून आकाशात गेला तेव्हा या खडकाला टेकून गेला, अशी श्रद्धा. घोड्याच्या टापांचे आणि रथाच्या चाकाचे ठसे लोक दाखवतात. त्याला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात. जगभरचे ज्यू एलियाचं स्मरण करतात, पण तो कोकणात उतरला होता, हे फक्त बेने इस्राएलांना माहीत. त्याच्या नावानं ते मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, सुका मेवा, भोवती फळं. नवस फेडताना, लग्नाआधी, लांबच्या प्रवासाआधी. आमच्या लाइनीत मलिदा असला की नारळाची ओढाताण होई. मद्रासकडून येणाऱ्या गाडीतला कुणी ओळखीचा दोन-तीन उतरवून देई. आजी एलियाचं स्तोत्र म्हणत आणि मधूनच मराठीत म्हणत, "ह्या रेल्वेवाल्यांना सुखरूप ठेव." बसलेल्या बायांत तेलुगू, छत्तीसगढी, आमची, सगळ्या असत.

मग पत्रं येऊ लागली. १९४८नंतर बेने इस्राएल हळूहळू इस्राएलला निघाले होते. १९५१च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांवर ज्यू होते; आता पाच हजारांच्या आसपास उरले आहेत. गार्डकाकांचे भाऊ आधी गेले. काकांचा पाय निघत नव्हता, त्याला एक कारण होतं. तिथल्या मुख्य रब्बींनी १९६२ साली फर्मान काढलं की बेने इस्राएलांचं लग्न लावताना त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. ज्यांनी दोन हजार वर्षं शनिवार पाळला असं मानलं, त्यांनाच विचारणं झालं की तुम्ही खरे ज्यू का. १९६४च्या उन्हाळ्यात बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्टमध्ये इस्राएलची संसद, क्नेसेट, भरली, बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत असं सांगितलं गेलं आणि फर्मानातून त्यांचं नाव निघालं. त्या दिवसांत आजींनी माझ्या आजीला विचारलेलं मला आठवतं, "आता खवला दाखवायचा तरी कुणाला?"

अखेर ते गेले. माझ्या आजीनं जवसाच्या चटणीचा डबा बांधून दिला. वस्ती मिळाली ती नेगेव्ह वाळवंटातल्या डिमोनात. १९५५ साली उभं राहिलेलं गाव, कापडगिरण्या, वाळू, आणि इतके भारतीय की लोक त्याला छोटा भारत म्हणू लागले. रामला, लोद, अश्दोद, बीरशेबा इथंही कोकणातली गावं जाऊन वसली. पेणकर, रोहेकर, चौलकर, नवगावकर. अर्धा कुलाबा जिल्हा हजेरीपटावर. ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिक तिथून निघू लागलं, महाराष्ट्र दिन साजरा होऊ लागला.

इस्राएलला आज लोक सुटीला जातात ते भूमध्य समुद्राचं निळं पाणी, एलातची प्रवाळं आणि अंग बुडूच न देणारा मृत समुद्र बघायला. अलिबागच्या आजींनी अश्दोदचा किनारा पाहिला तेव्हाचं पत्र माझ्या वडिलांनी आम्हाला वाचून दाखवलं होतं. वाळू छान आहे, ऊन आपल्यासारखं आहे, पण हा समुद्र आत जातच नाही, असं त्यांनी लिहवून घेतलं होतं. भूमध्य समुद्राची भरती-ओहोटी जेमतेम हातभर. जिला ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जायची सवय, तिला तो समुद्र जागच्या जागी थांबल्यासारखा वाटला असणार. प्रवासी पुस्तकांत हे कुणी लिहीत नाही.

मी नवगावला गेलो तो पन्नाशीला आल्यावर, बायको-मुलीसह. गेटवेहून मांडव्याच्या बोटीत बसलो. बोटीत सुटीला निघालेली मंडळी. पोरं सीगल पक्ष्यांकडे खाऊ भिरकावत होती. वरसोली, नागाव, किहीम, काशीद ही नावं सगळ्यांच्या तोंडी. किहीमला सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास करायला सालिम अली येऊन राहिले होते हेही एकानं सांगितलं. नवगाव मात्र कुणाच्या यादीत नव्हतं.

अलिबागेत इस्राएल आळी आहे. तिथलं मागेन अबोथ प्रार्थनालय १८४८चं, १९१०मध्ये नव्यानं बांधलेलं. तोरा ठेवायचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला, कारण जेरुसलेम पश्चिमेला. कोकणात जेरुसलेमकडे तोंड करायचं म्हणजे समुद्राकडे तोंड करायचं. आळीत ज्यूंची घरं थोडी उरली आहेत. गावाच्या नावाबद्दलही दोन सांगी आहेत: कुणी म्हणतं अली नावाच्या श्रीमंत मुसलमानानं विहिरी आणि बागा केल्या, कुणी म्हणतं तो अली बेने इस्राएल होता. बाग दोघांच्याही गोष्टीत आहे. रेवदंड्याच्या रस्त्यावर आक्षीला शके ९३४चा, पुष्कळ अभ्यासक मराठीतला सर्वांत जुना मानतात तो शिलालेख आहे. त्या काळी ही माणसं इथं असतील, तर ती त्या दगडाइतकीच जुनी मराठी बोलत असणार.

नवगाव थळच्या पुढे, किहीमच्या अलीकडे. नारळी-पोफळी, मासळी वाळत घातलेली, आणि झाडीत कबरस्तान. मूळचे उंचवटे, त्यांच्याजवळ स्मारकाचा खांब, पलीकडे नंतरच्या कबरी. उंचवट्यांवर एकही नाव नाही. मला एकदम भामरागडचा रस्ता आठवला. माझे मामा वनखात्यात आलापल्लीला होते. त्यांच्याबरोबर फिरताना माडिया गावांच्या कडेला मी उभे दगड पाहिले होते, लहान, मोठे, एकाला एक लागून. गेलेल्या माणसासाठी गाव मिळून दगड आणतं आणि रोवतं. ही रीत गडचिरोलीत आजही जिवंत आहे. त्या दगडांवरही नावं नसतात. मामांनी एका म्हाताऱ्याला विचारलं होतं तेव्हा त्यानं एकेका दगडाला हात लावून नावं, नाती, कोण कसा गेला, सगळं सांगितलं. नवगावच्या उंचवट्यांजवळ तसं सांगणारं कुणी नव्हतं. मीच मुलीला सांगायला लागलो, अलिबागच्या आजींच्या शब्दांत. ते मला दुसऱ्या शब्दांत येतच नाही. कबरस्तानाची देखभाल करणारा गावातला माणूस जवळ येऊन उभा राहिला. संपल्यावर म्हणाला, "तुम्ही त्यांच्यातले का?" मी म्हटलं, चंद्रपूरचा. त्याला ते काही पटलं नाही.

सुटी घालवायला अलिबागला जाणाऱ्यानं एक सकाळ नवगावला द्यावी, एक संध्याकाळ खंडाळ्याच्या टाप्यापाशी, आणि रेवदंड्याचं १८४२चं बेथ एल बाहेरून का होईना पाहावं, असं मला मनापासून वाटतं. आमच्याकडेही तेच चाललं आहे. देशभरातून माणसं वाघ बघायला ताडोब्याला येतात, जिप्सीतून उतरतात आणि परत जातात. चांद्याचा परकोट, अचलेश्वर, बल्लारपूरचा नदीकाठचा किल्ला त्यांच्या वाटेत असूनही राहून जातो.

मागच्या हिवाळ्यात गार्डकाकांच्या नातीचा फोन आला. ती डिमोनात जन्मली, मराठी बोलते, मध्ये मध्ये हिब्रू येतं. नातेवाइकांबरोबर अलिबागला आली होती, टाप्यावर मलिदा केला. पणजीनं सांगितलेली एक गोष्ट तिच्या डोक्यात होती: कुत्र्यामागे लागलेला ससा, राणी, आणि सशाच्या वाटेवरून बांधलेला कोट. ही जागा अलिबागेतलीच, असं समजून ती दोन दिवस शोधत राहिली. आळीत कुणाला ठाऊक नव्हतं. कुलाबा किल्ल्यावरच्या माणसानंही मान हलवली. शेवटी तिच्या आत्यानं माझा नंबर दिला. अलिबागच्या आजींनी डिमोनातल्या पोरांना माझ्या आजीची गोष्ट सांगितली होती, आणि गाव कुठलं ते सांगायचं राहून गेलं होतं.

आता ती पुन्हा येते आहे, थेट आमच्याकडे. मार्च लागायच्या आत या, असं मी कळवलं. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. शनिवारी ती प्रवास करत नाही, तेव्हा शुक्रवारी दुपारपर्यंत पोचवणारी गाडी बघतो आहे. रविवारी अचलेश्वर आणि परकोट, सोमवारी बल्लारपूर, मग आलापल्लीकडे. बल्लारपूरच्या ढिवरांकडे मासळीचं सांगून ठेवलं आहे: मरळ आणि रोहू, दोनच.